साठचा आकडा : काउबॉय नेमबाजी, हलकी काडतुसे आणि इतिहासाचे नाव

१/ अमेरिकेत हजारो प्रौढ माणसे सुट्टीच्या दिवशी एकोणिसाव्या शतकातील पोशाख चढवतात, कमरेला दोन रिव्हॉल्व्हर लावतात आणि पोलादी लक्ष्यांवर घड्याळ लावून गोळ्या झाडतात. या खेळाचे नाव काउबॉय ॲक्शन शूटिंग. त्याच्या नियमावलीत एक लहानसा आकडा आहे : ६०. काडतूस किमान किती जोरकस असावे, हे हा आकडा ठरवतो. तो वाढवावा की तसाच ठेवावा, या प्रश्नावर खेळाडूंत दीर्घकाळ वाद आहे. वाद वरवर दारूगोळ्याचा आहे. मुळात तो इतिहासाच्या नावावर काय काय खपवावे, याचा आहे. या धाग्याची भूमिका आरंभीच सांगणे बरे : खेळ म्हणून ६० हा आकडा योग्य आहे, मात्र त्याचे समर्थन इतिहासाच्या नावाने होऊ शकत नाही.

२/ आधी थोडी पार्श्वभूमी. १९८० च्या दशकाच्या आरंभी दक्षिण कॅलिफोर्नियातील काही नेमबाजांनी जुन्या पद्धतीच्या बंदुकांची स्पर्धा भरवायचे ठरवले. १९८२ मध्ये कोटो दे काझा येथे ‘एंड ऑफ ट्रेल’ ही पहिली स्पर्धा झाली. १९८७ मध्ये ‘सिंगल ॲक्शन शूटिंग सोसायटी’ स्थापन झाली आणि या खेळाला लिखित नियम मिळाले. प्रत्येक सदस्याने एक टोपणनाव घ्यायचे, ते संस्थेकडे नोंदवायचे आणि दुसऱ्या कुणी ते वापरायचे नाही, हा तेथील रिवाज. संस्थापकांपैकी हार्पर क्रे यांनी ‘जज्ज रॉय बीन’ हे नाव घेतले. मूळचा रॉय बीन हा टेक्सासमधील लँगट्री गावचा न्यायदंडाधिकारी. तो १९०३ मध्ये वारला. म्हणजे खेळाच्या नावनोंदणीपासूनच इतिहास आणि सोंग शेजारी शेजारी बसलेले आहेत.

३/ स्पर्धेचे स्वरूप असे. खेळाडूकडे चार शस्त्रे : दोन ‘सिंगल ॲक्शन’ रिव्हॉल्व्हर, म्हणजे ज्यांचा घोडा प्रत्येक गोळीआधी अंगठ्याने मागे ओढावा लागतो, एक लिव्हर ओढून भरली जाणारी रायफल, आणि एक जुन्या घडणीची शॉटगन. साधारणपणे रिव्हॉल्व्हरच्या दहा, रायफलच्या दहा आणि शॉटगनच्या चार किंवा अधिक गोळ्या ठरलेल्या क्रमाने झाडायच्या. लक्ष्ये मोठी असतात आणि जवळ असतात. नेम चुकला तर पाच सेकंदांचा दंड. सगळा हिशेब वेळेचा. कसलेले खेळाडू हा पूर्ण क्रम वीस सेकंदांच्या आत संपवतात. लक्ष्य सोपे आणि वेळ मौल्यवान, अशी ही रचना आहे. पुढचा सारा वाद या रचनेतून उगवतो.

४/ आता तो आकडा. गोळीचे वजन ग्रेनमध्ये घ्यायचे, तिला सेकंदाला जितक्या फुटांचा वेग मिळतो त्याने गुणायचे आणि हजाराने भागायचे. येणाऱ्या उत्तराला ‘पॉवर फॅक्टर’ म्हणतात. एक ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६५ ग्रॅम. १०० ग्रेनची गोळी सेकंदाला ६०० फूट वेगाने निघाली तर उत्तर ६० येते. नियम सांगतो की हा गुणाकार ६० च्या खाली जाऊ नये आणि वेग कोणत्याही परिस्थितीत सेकंदाला ४०० फुटांपेक्षा कमी नसावा. दोन अटी का? कारण २०० ग्रेनची जड गोळी ३०० फुटांच्या वेगानेही ६० गाठू शकते. पहिली अट जेथे अपुरी पडते, तेथे दुसरी उभी राहते.

५/ वरची मर्यादाही आहे. रिव्हॉल्व्हरच्या गोळीचा वेग सेकंदाला १००० फुटांहून अधिक नसावा, रायफलच्या गोळीचा १४०० फुटांहून अधिक नसावा. या मर्यादेचे कारण उघड आहे. लक्ष्ये पोलादाची आणि काही पावलांवर असतात. गोळी अतिवेगवान असेल तर पोलादाला खळगे पडतात आणि तुकडे मागे उडतात. नियमावलीच्या आरंभीच्या काळात भर या वरच्या मर्यादेवरच होता. खालची मर्यादा नंतर आली.

६/ येथे इतिहासाच्या अभ्यासकाने थांबावे. कोणताही निर्बंध हा एक पुरावा असतो. एखाद्या गावच्या जुन्या कागदात ‘रात्री विहिरीवर कपडे धुऊ नयेत’ असे फर्मान सापडले, तर त्याचा पहिला अर्थ हा की कुणीतरी रात्री विहिरीवर कपडे धूत होते. त्याच न्यायाने ‘४०० फुटांच्या खाली जाऊ नये’ हा नियम सांगतो की काही खेळाडू त्या दिशेने निघाले होते. जोरकस काडतुसांचा धोका संस्थापकांना आधीच दिसला. माणसे काडतुसे इतकी अशक्त करत नेतील, हे पुढे अनुभवाने कळले.

७/ खेळाडू असे का करतात? कारण धक्का. गोळी पुढे जाते तशी बंदूक मागे उसळते. उसळलेली नळी पुन्हा लक्ष्यावर आणण्यात क्षण जातो आणि चोवीस गोळ्यांचे चोवीस क्षण मिळून निकाल फिरवू शकतात. गोळी हलकी, दारू कमी, तर धक्का नगण्य. रायफलीचा लिव्हर कमी अंतरात फिरावा म्हणून आतील सुटे भाग बदलण्याची प्रथाही याच गरजेतून रुजली. तरबेज खेळाडू रायफलीच्या दहा गोळ्या जेमतेम दोन-तीन सेकंदांत संपवतो. यात लबाडी नाही. नियमांच्या चौकटीत राहून जिंकण्याची धडपड प्रत्येक खेळात असते. प्रश्न एवढाच की या धडपडीला ‘जुन्या पश्चिमेचे पुनरुज्जीवन’ म्हणावे का?

८/ यासाठी मूळ आकडे पाहावेत. १८७३ मध्ये कोल्ट कंपनीचे ‘सिंगल ॲक्शन आर्मी’ रिव्हॉल्व्हर आणि विंचेस्टर कंपनीची प्रसिद्ध रायफल, दोन्ही आली. त्या रिव्हॉल्व्हरच्या .४५ काडतुसाच्या बाजारी भरणात ४० ग्रेन काळी दारू आणि २५५ ग्रेनची, म्हणजे साधारण साडेसोळा ग्रॅमची गोळी असे. तिचा वेग सेकंदाला ८०० फुटांहून अधिक. गुणाकार केला तर पॉवर फॅक्टर २०० च्या पुढे जातो. विंचेस्टरच्या .४४-४० काडतुसात २०० ग्रेनची गोळी होती आणि रायफलीतून तिचा वेग १२०० फुटांच्या घरात जाई. म्हणजे गुणाकार २४० च्या आसपास. आजची किमान मर्यादा ६०. मूळ शस्त्राच्या जोराचा हा तिसरा हिस्सादेखील नव्हे.

९/ काडतुसाच्या जातीतही असाच बदल झाला आहे. आज या खेळात .३८ स्पेशल हे काडतूस फार लोकप्रिय आहे, कारण ते स्वस्त आणि सौम्य आहे. परंतु ते एकोणिसावे शतक सरता सरता जन्मले. १८७३ च्या विंचेस्टरने ते कधी पाहिलेही नव्हते. ती रायफल .४५ कोल्टमध्येही त्या काळी बनत नव्हती. सीमेवरच्या माणसाला रिव्हॉल्व्हर आणि रायफल यांसाठी एकच काडतूस हवे असे, तेव्हा कोल्टनेच आपले रिव्हॉल्व्हर .४४-४० मध्ये काढले. आज .३८ आणि .४५ मध्ये मिळणाऱ्या ‘१८७३’ रायफली या आधुनिक प्रतिकृती आहेत. त्यांतील कित्येक इटलीतील उबेर्तीच्या कारखान्यात बनतात. पितळ, लाकूड आणि आकार जुना. पोटातील काडतूस नवे.

१०/ शुद्धतावाद्यांचा आग्रह येथून सुरू होतो. त्यांचे म्हणणे : शंभर-सव्वाशेची मर्यादा घाला, बंदुकीला बंदुकीसारखे उसळू द्या. हे अशक्य नाही. याच संस्थेने पुढे ‘वाइल्ड बंच’ नावाचा वेगळा प्रकार सुरू केला. त्यात १९११ नमुन्याचे .४५ पिस्तूल वापरतात आणि किमान पॉवर फॅक्टर १५० आहे. म्हणजे एकाच घरात दोन मापे आहेत. एका अंगणात १५०, दुसऱ्यात ६०. जोरकस दारूगोळ्यावर पोलादी लक्ष्यांचा खेळ होऊ शकतो, हे त्यातून सिद्ध होते. त्यामुळे ‘व्यवहारात जमणार नाही’ हा बचाव टिकत नाही.

११/ तरीही मुख्य प्रकारात मर्यादा वाढवणे चूक ठरेल. या खेळाचे वैशिष्ट्य त्याच्या गर्दीत आहे. सत्तरीचे आजोबा, संधिवाताने बोटे आखडलेली आजी, पहिल्यांदाच बंदूक हाती धरणारी तरुणी, सारे एकाच मैदानावर उतरतात. वयानुसार आणि पद्धतीनुसार गट आहेत. १३ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या गटाला .२२ चे लहान काडतूसही चालते. किमान जोर दुप्पट केला तर पदके मिळवणारे तरुण फारसे गळणार नाहीत. ते सराव वाढवतील. गळतील ती दुखऱ्या मनगटांची माणसे. शुद्धतेची किंमत ज्यांनी ती मागितली त्यांना मोजावी लागत नसेल, तर त्या मागणीकडे जरा संशयाने पाहावे.

१२/ मग मर्यादा काढूनच का टाकू नये? कारण अतिहलके काडतूस धोकादायक असते. दारू फारच थोडी असेल तर गोळी नळीतच अडकू शकते. वेगाच्या नादात खेळाडूच्या ते लक्षात आले नाही आणि मागून दुसरी गोळी आली, तर नळी फुगते किंवा फुटते. शेजारी वेळ मोजणारा माणूस हातभर अंतरावर उभा असतो. शिवाय अशक्त गोळी पाडायचे लक्ष्य पाडत नाही आणि मग ‘लागली होती की नव्हती’ यावर भांडण जुंपते. म्हणून तळ हवाच. ६० हा तळ सुरक्षिततेचा, निवाड्याचा आणि सर्वसमावेशकतेचा आहे. ही तिन्ही कारणे भक्कम आहेत. त्यांना इतिहासाच्या टेकूची गरज नाही.

१३/ इतिहास खरोखर कोठे जिवंत आहे, हे पाहायचे तर धुराकडे पाहावे. फ्रान्समध्ये पॉल व्हिएय याने १८८४ मध्ये धूरविरहित दारू तयार केली आणि १८८६ च्या लेबेल रायफलीने ती सैन्यात आणली. अमेरिकेत ती १८९० च्या दशकात रुळली. तोपर्यंतच्या साऱ्या ‘वाइल्ड वेस्ट’मध्ये काळी दारूच होती. दोन-चार गोळ्या झाडल्या की समोर पांढुरका पडदा. १८९८ मध्ये क्युबात स्पॅनिश सैन्याशी लढताना अमेरिकेच्या स्वयंसेवक पलटणींकडे अजून काळ्या दारूच्या स्प्रिंगफील्ड रायफली होत्या. उठलेल्या धुराने त्यांची जागा शत्रूला दिसली आणि त्यांच्यावर मारा झाला. चित्रपटांत हा धूर जवळजवळ नसतोच, कारण प्रेक्षकाला नायकाचा चेहरा पाहायचा असतो.

१४/ काउबॉय नेमबाजीत ‘फ्रंटियर कार्ट्रिज’ नावाचे गट आहेत. त्यांत काळी दारू किंवा तिचा मान्य पर्यायच वापरावा लागतो. तेथे खेळाडू आपल्याच धुरात हरवतो, पुढचे लक्ष्य अंदाजाने शोधतो आणि संध्याकाळी काजळीने माखलेल्या नळ्या पाण्याने धुतो. ‘क्लासिक काउबॉय’ गटात .४० किंवा त्याहून मोठ्या व्यासाची जुन्या धाटणीची काडतुसे आणि त्या काळाला साजेसा वेश बंधनकारक आहे. ही बंधने खेळाडू स्वखुशीने पत्करतो. सर्वांना सैल नियम आणि इच्छुकांना कठोर नियम, हा मार्ग अधिक न्याय्य आहे. म्हणून हे गट मात्र सौम्य होऊ देऊ नयेत. तेथे सवलत दिली तर खेळ कुणासाठी खुला होत नाही, फक्त पुरावा पुसला जातो.

१५/ काही नियमांत इतिहास आणि सुरक्षितता एकत्र नांदतात. सहा गोळ्यांच्या रिव्हॉल्व्हरमध्ये पाचच भरायच्या आणि घोडा रिकाम्या खणावर ठेवायचा, हा असाच नियम. जुन्या कोल्टमध्ये घोड्याला आतून अडवणारी सोय नव्हती. पिस्तूल पडले तर गोळी सुटे. जानेवारी १८७६ मध्ये कॅन्ससमधील विचिटा गावी एका सलूनच्या मागच्या खोलीत बसलेल्या पोलिसाचे रिव्हॉल्व्हर म्यानातून निसटले आणि उडाले. स्थानिक वृत्तपत्राने ती बातमी छापली. त्या पोलिसाचे नाव वायट अर्प. दंतकथांतील तोच अचूक नेमबाज. गोळी निव्वळ शिशाचीच असावी, तांब्याचे आवरण नको, हा नियमही तसाच. मऊ शिसे पोलादावर चपटे होते, आणि काळ्या दारूच्या काळातील गोळ्या शिशाच्याच होत्या.

१६/ दारूगोळ्याचा तपशील क्षुल्लक वाटत असेल, तर लिटल बिगहॉर्नचे उदाहरण पाहावे. २५ जून १८७६ रोजी तेथे लकोटा, शायेन आदी योद्ध्यांनी कस्टरच्या तुकडीचा धुव्वा उडवला. १९८३ मध्ये वणव्याने त्या माळावरचे गवत जळाले आणि पुढील दोन वर्षांत पुरातत्त्वज्ञांनी तेथे पद्धतशीर शोध घेतला. जमिनीत गोळ्या आणि काडतुसांच्या पुंगळ्या मिळाल्या. प्रत्येक बंदुकीची पिन पुंगळीवर स्वतःची खूण सोडते. त्यावरून एकेका बंदुकीचा माळावरचा प्रवास मांडता आला. सैनिकांकडे एकेक गोळी भरायच्या स्प्रिंगफील्ड कार्बाइन होत्या, तर अनेक योद्ध्यांकडे हेन्री आणि विंचेस्टरच्या भरभर चालणाऱ्या रायफली. त्यांची तोंडी परंपरा शतकभर बाजूला सारली गेली होती. पुंगळ्यांनी तिच्यातील बरेच काही खरे ठरवले.

१७/ योगायोग असा की काउबॉय नेमबाजी आणि हे उत्खनन एकाच दशकातले. एका ठिकाणी पुंगळी विचारत होती की येथे खरोखर काय घडले. दुसऱ्या ठिकाणी पुंगळी नुकतीच पोलादावर वाजलेल्या गोळीची साक्ष देत होती. दोन्ही कामे आपापल्या जागी रास्त. मात्र दुसऱ्या कामाला पहिल्याचे नाव दिले की घोटाळा होतो.

१८/ कारण खेळातील पश्चिम ही पुष्कळशी रंगमंचावरून आलेली आहे. बफेलो बिलने आपला ‘वाइल्ड वेस्ट’ हा खेळ १८८३ मध्ये ओमाहा येथे सुरू केला, म्हणजे ती पश्चिम अजून संपायची होती. १८९३ मध्ये शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाच्या वेळी फ्रेडरिक जॅक्सन टर्नर ‘सीमा संपली’ असा निबंध इतिहासकारांपुढे वाचत होता, आणि त्याच उन्हाळ्यात प्रदर्शनाच्या कुंपणालगत बफेलो बिलचे प्रयोग चालू होते. पुढे चित्रपटांनी तोच धागा ताणला. या दृष्टीने नेमबाजीतील ‘बी-वेस्टर्न’ हा गट सर्वांत प्रामाणिक म्हणावा लागेल. चित्रपटातील वेश घालतो आहोत, असे तो उघड सांगतो.

१९/ कागदपत्रांतील पश्चिम निराळी होती. रॉबर्ट डायक्स्ट्रा यांनी कॅन्ससमधील पाच गुरेबाजारांच्या गावांचा अभ्यास केला. १८७० ते १८८५ या काळात त्यांना तेथे एकूण ४५ मनुष्यवध आढळले. अनेक गावांत शस्त्र बाळगून फिरायला बंदी होती. टूमस्टोन गावाने १८८१ मध्ये तसाच ठराव केला. ओ. के. कोरालची चकमक त्याच वर्षी २६ ऑक्टोबरला झाली आणि तिचे तात्कालिक निमित्त ही शस्त्रबंदीच होती. सुमारे तीस सेकंदांत सुमारे तीस गोळ्या सुटल्या, तिघे मेले. आजचा एकटा खेळाडू त्याहून कमी वेळात जवळपास तेवढ्याच गोळ्या झाडतो. आणि काउबॉयच म्हणावे, तर त्यांत कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन गुराख्यांचा वाटा मोठा होता. पॉवर फॅक्टर ६० ठेवा की १६०, हे वास्तव त्यातून दिसणार नाही.

२०/ म्हणून तीन सूचना. पहिली : मुख्य प्रकारातील ६० चा तळ तसाच राहावा आणि त्यामागची कारणे सुरक्षितता व सहभाग अशी स्पष्ट लिहावीत. दुसरी : काळ्या दारूच्या आणि ‘क्लासिक’ गटांत कोणतीही ढिलाई येऊ नये, मोठ्या स्पर्धांत तेथील काडतुसे वेगमापकावर नियमित तपासली जावीत. तिसरी : प्रत्येक नियमबदल तारखेसह आणि कारणासह जपून ठेवावा. संस्थेच्या नियमावलीत ‘खेळाचा आत्मा’ अशी एक संकल्पना आहे आणि तो जाणूनबुजून मोडणाऱ्याला ३० सेकंदांचा दंड आहे. या आत्म्याची व्याख्या काळानुसार कशी सरकत गेली, हे उद्याच्या इतिहासकाराला जुन्या नियमावल्यांतूनच कळेल.

२१/ तरुण अभ्यासकांसाठी यातला धडा बंदुकीपुरता नाही. एखादी परंपरा ‘अगदी जुन्यासारखी’ असल्याचा दावा कानी पडला की दोन गोष्टी तपासाव्यात : तिच्यातील कोणते माप कोणत्या वर्षी बदलले, आणि बदल करणाऱ्याने काय कारण दिले. सोय म्हणून बदलले असेल तर त्यात लाज नाही. लोक खेळतात, रमतात, त्यानिमित्ताने कुणी एखादा १८७३ च्या काडतुसाबद्दल वाचू लागतो आणि तेथून लिटल बिगहॉर्नच्या माळापर्यंत पोचतो, हा लाभ थोडा नाही. पण त्या माळावर पोचायचे असेल तर आपल्या पट्ट्यातील काडतूस किती हलके केले आहे, हे आधी मान्य केलेले असावे.